भाडेकरूचा पंचनामा

३ जून २०२० रोजी दुपारी रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर जे चक्रीवादळ आदळले, त्याचे ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने सुचवले होते. त्या सकाळी आम्ही आमच्या वसईकर आप्तांना फोन करून त्यांची विचारपूस केली. दुपारनंतर त्यांचेच फोन आम्हांला येऊ लागले, कारण वादळ घाट चढून आमच्याकडे आले होते. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत फुलांची हरितगृहे फाटली, विजेचे खांब आडवे झाले, घरांचे आणि शाळांचे पत्रे उडाले. टाळेबंदी नुकतीच सैल होऊ लागली होती. अनेक कामगार गावी निघून गेलेले, त्यांच्या खोल्यांना कुलपे. आणि जे मागे राहिले होते त्यांची गाठ आता वाऱ्याशी पडली.

चाकण परिसरातील एका गावात आमच्या परिचयाचे एक कुटुंब राहत असे. नवरा कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला, बायको, दोन मुले. मूळचे मराठवाड्यातले. आठ खोल्यांच्या चाळीतली एक खोली, भिंती विटांच्या, वर पत्रे आणि पत्र्यांवर दगड. वाऱ्याने पत्रे उचलले आणि शेजारच्या कांद्याच्या बराखीवर नेऊन टाकले. पावसाने वर्षभराची ज्वारी, अंथरुणे, मुलांची पुस्तके, सारे भिजवले. कुणाला इजा झाली नाही, ही देवाची कृपा.

दोन-तीन दिवसांनी तलाठी आणि ग्रामसेवक पंचनाम्याला आले. माणसे सौजन्याची होती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. त्यांनी पाहणी केली आणि कागदावर लिहिले: पक्के घर, अंशतः नुकसान. नाव घातले ते घरमालकाचे. त्या बाईंनी विचारले, “भाऊसाहेब, आमचं नाव कुठं लिहिलं?” तलाठी क्षणभर थांबले आणि त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ लिहिली, की भाडेकरूचे धान्य भिजले आहे. शेऱ्याच्या रकान्याला पैसे मिळत नाहीत.

यात तलाठ्याचा दोष काढावा असे आम्हांला वाटत नाही. आपत्ती मदतीचे नियमच घर, शेत आणि जनावर यांभोवती बांधलेले आहेत. त्या वेळच्या केंद्रीय निकषांनुसार पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला ९५,१०० रुपये आणि किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ५,२०० रुपये मिळत. ही मदत घराची, म्हणजे मालकाची. कपड्यांसाठी १,८०० आणि भांड्यांसाठी २,००० रुपये कुटुंबाला मिळत खरे. पण घर वाहून गेले असेल, पूर्ण पडले असेल, किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असेल तरच. भिंती उभ्या राहिल्या आणि छप्पर गेले, तर आत राहणाऱ्याच्या भिजलेल्या संसाराला नियमात जागाच उरत नाही. ‘निसर्ग’नंतर राज्य शासनाने दर वाढवले, पूर्ण पडलेल्या घरासाठी दीड लाख, फळबागांना हेक्टरी १८,००० ऐवजी ५०,००० रुपये केले. औदार्य होते, यात शंका नाही. ते औदार्यही अखेर मालकीच्याच वाटेने चालले.

बरे, मालकाला तरी सारे मिळाले काय? त्याची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली. उरलेल्या तुकड्यावर त्याने खोल्या बांधल्या. आता त्याच त्याचे शेत. आठांपैकी चार खोल्यांची घरपट्टीच्या नोंदवहीत नोंद होती, चारांची नव्हती. ज्यांची नोंद नव्हती त्या चार वादळातही कुणाला दिसल्या नाहीत. त्याने कर्ज काढून आठही खोल्यांवर पत्रे घातले आणि पुढल्या महिन्यापासून भाडे वाढवले. आम्ही त्याला नावे ठेवू शकलो नाही.

आमच्या धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांना यात नवे काही वाटू नये. हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, टेल्कोत, बजाजमध्ये लागलेली आमची माणसे अहमदनगरकडून, वसईकडून आली तेव्हा पत्र्याच्याच खोल्यांत उतरली होती. १९७० साली येथे नगरपालिका आली, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि हळूहळू आम्ही भाडेकरूचे करदाते झालो. आज चाकणला जे घडते आहे तो आमचाच मागचा धडा आहे, फक्त गाव पुढे सरकले आहे.

खरी विसंगती निराळीच आहे. भाडेकरूची नोंद होतच नाही असे नव्हे. घरमालकाने भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते. २०१८ साली पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय झाले, त्यात चाकणही आले. आमच्या त्या परिचिताचे छायाचित्र, मूळ गाव, आधार क्रमांक, सारे तेथे दाखल होते. म्हणजे संशयासाठी तो माणूस सरकारदरबारी पुरेसा होता; मदतीसाठी मात्र नव्हता.

शहरातही याहून वेगळे चित्र नाही. १७ एप्रिल २०२३ रोजी किवळे येथे महामार्गाच्या सेवारस्त्यालगत वादळी पावसात जाहिरातीचा लोखंडी फलक कोसळला आणि आडोशाला थांबलेली पाच माणसे गेली. महानगरपालिकेत अशा फलकांसाठी ‘आकाशचिन्ह व परवाना’ या सुरेख नावाचा विभाग आहे. फलकांची मोजदाद आणि तपासणी यांना जोर आला तो त्या मृत्यूंनंतर. त्या काळात नगरसेवक नव्हतेच; मार्च २०२२ मध्ये त्यांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. जवळजवळ चार वर्षे सामान्य माणसाला दार ठोठवायला प्रशासकांचे कार्यालय तेवढे उरले होते. नगरसेवकाला शिव्या देता येतात. प्रशासकाला अर्ज करावा लागतो.

गावात ग्रामसभा असते. पण तिचा सभासद तोच, ज्याचे नाव त्या गावच्या मतदार यादीत आहे. आमच्या परिचिताचे नाव मराठवाड्यातील गावी होते. सणाला जाऊन मत द्यायचे, आणि येथे मात्र मुक्याने राहायचे. आमच्यापैकी काहींनी त्याच्या मागे लागून ते नाव येथे आणवले. त्याच्या वडिलांना हे आवडले नाही. गावाशी नाळ तुटली असे त्यांना वाटले, आणि त्यांचे म्हणणे अगदीच वावगे होते असे नाही.

त्यानंतरच्या १ मे रोजी, कारखान्यांना सुट्टी आणि आमच्याकडे कामगार संत योसेफाचा सण, त्याच दिवशी ग्रामसभा होती. तो उभा राहिला आणि म्हणाला, पावसाळ्यापूर्वी पंचायतीने भाडेकरूंची यादी ठेवावी, खोलीवार, म्हणजे पंचनाम्याच्या वेळी कोण कुठे राहत होते हे कुणाला विचारावे लागणार नाही. काही घरमालक चुळबुळले. यादी झाली की घरपट्टीही येईल, ही धास्ती. ग्रामसेवकांनी विषय कार्यवृत्तात लिहून घेतला. १५ ऑगस्टच्या सभेत तो पुन्हा यायचा आहे. पाऊस त्याच्या आधी येईल.