गोठ्यातला दिवा

2016चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं आणि कळंब तालुक्यातल्या आमच्या गावात टँकरची वाट बघण्यात सकाळ जात होती. सोयाबीन हाती लागलं नव्हतं. रोजचा पैसा म्हणजे एका म्हशीचं दूध. अशात विजेचं बिल आलं, 118 युनिटचं. अण्णांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि माझ्यापुढं ठेवलं. म्हणाले, “आपल्या घरात असं काय चालतं रं एवढं?”

त्याच सुमारास केंद्राच्या ‘उजाला’ योजनेतले एलईडी बल्ब मिळत होते. वीजबिल आणि ओळखपत्र दाखवायचं, नऊ वॅटचा बल्ब घ्यायचा. किंमत शंभराच्या आत आणि तीन वर्षांची हमी. पण तेव्हा घरातले सगळे दिवे एकदम बदलायला पैसे नव्हते. दोन बल्ब आणले. एक स्वयंपाकघरात लावला, एक ओसरीवर. पाहुणा येतो तो ओसरीवर, म्हणून तिथं.

स्वयंपाकघरात फरक पहिल्या रात्रीच कळला. संध्याकाळी शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की गावातलं व्होल्टेज पडायचं. जुन्या बल्बची तार निखाऱ्यासारखी लाल व्हायची आणि आई दारात येऊन, पायरीवर बसून डाळ निवडायची. एलईडी मात्र तसाच पांढरा जळत राहिला. आई त्या रात्री आत बसूनच डाळ निवडत होती.

पुढचं बिल आलं. 105 युनिट. कमी झालं होतं, पण शंभराच्या वरच. आपल्याकडं घरगुती विजेला शंभर युनिटपर्यंत एक दर आणि त्यापुढच्या युनिटांना बराच चढा दर लागतो. म्हणून शंभरची ती रेघ ओलांडायची नाही, हे मनात पक्कं केलं.

बिलाच्या पाठीमागं मी हिशेब मांडला. हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट. साठ वॅटचा बल्ब रोज चार तास जळला तर महिन्याला सात युनिट. ते आता एकावर आले होते. माजघरातली ट्यूब, पंखा, टीव्ही, सगळं लिहून काढलं, तरी बेरीज जुळेना. तेवढ्यात गोठ्यात म्हैस हंबरली आणि माझं मलाच कळलं. गोठ्यात शंभर वॅटचा गोळा होता. साप-विंचवाच्या भीतीनं तो दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत जळायचा, रोज अकरा तास. महिन्याचे 33 युनिट. ज्या दिव्याखाली घरातलं कुणी बसत नाही, तोच सगळ्यात जास्त खात होता.

अण्णांना सांगितलं तर ते तयार होईनात. “नऊ वॅटचा दिवा म्हंजी देवापुढची पणती. त्यात साप दिसंल का?” त्यांची शंका खोटी नव्हती. नऊ वॅटचा एलईडी साठ वॅटच्या बल्बाची जागा नीट भरून काढतो, शंभरची नाही. बल्ब लावून बघितला तेव्हा गव्हाणीच्या कोपऱ्यात खरंच अंधार राहिला.

मग मी वर बघितलं. जुना गोळा पार आढ्याला टांगलेला होता, कारण खाली कडबा. जुन्या बल्बला दिलेल्या विजेतला जेमतेम विसावा भाग उजेड होतो, बाकी नुसती उष्णता. बदलताना मला तो धोतराच्या फडक्यात धरूनच काढावा लागला होता. काचेवर भुसा करपून काळा थर बसला होता. एलईडी तसा तापत नाही, आणि त्याचा बहुतेक उजेड खालच्याच बाजूला पडतो. मी वायर वाढवली, होल्डर दोन हात खाली घेतला, कडब्यापासून लांब सरकवला आणि गव्हाणीमागच्या भिंतीला चुना मारला. त्या रात्री अण्णा कंदील न घेता गोठ्यात गेले आणि गव्हाणीखाली वाकून बघून आले. काही बोलले नाहीत. सकाळी म्हणाले, “राहू दे.”

त्या एका दिव्यानं महिन्याचे तीस युनिट वाचवले. बिल 74 वर आलं. वाचलेल्या पैशातून म्हशीला पेंड आली.

एक चूकही झाली. न्हाणीसाठी बाजारातून स्वस्तातले, नाव-छाप नसलेले दोन बल्ब आणले. पंधरा दिवसांत लुकलुकायला लागले आणि नागपंचमीच्या आधी गेले. तेव्हापासून बल्ब घेताना मी खोक्यावर बीआयएसचा शिक्का बघतो आणि वॅटच्या जोडीला ल्युमेनचा आकडाही वाचतो. वीज किती खाणार ते वॅट सांगतो, उजेड किती देणार ते ल्युमेन.

आता गावात जुना गोळा शोधून सापडत नाही. तरी कुणी वीजबिल घेऊन आलं की मी आधी एकच विचारतो, तुमच्याकडं सगळ्यात जास्त वेळ कुठला दिवा जळतो? बहुतेकांना पटकन सांगता येत नाही. मग आम्ही दोघं उठून त्यांच्या घरामागं जाऊन बघतो.