दुसऱ्यांची पोरं, दुसरा देश

नेपाळच्या स्पर्धेला निघण्याआधी पालकांची सभा घेतली की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "पासपोर्ट कशाला ओ सर, नेपाळ म्हणजे आपलंच की!" बोलणाऱ्याचं अगदीच चुकतं असं नाही. भारतीयाला नेपाळला व्हिसा लागत नाही, आणि पासपोर्ट नसला तर मोठ्या माणसाला निवडणूक ओळखपत्र चालतं. पंधराच्या आतल्या आणि पासष्टच्या वरच्यांना आधार कार्डासारखा फोटो असलेला कुठलाही सरकारी पुरावा पुरतो. घोळ होतो तो मधल्या वयाचा. पंधरा ते अठरा वर्षांच्या पोराकडे पासपोर्ट नसेल तर मुख्याध्यापकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेलं ओळखपत्र लागतं, आणि नेमकी ह्याच वयाची पोरं माझ्याकडे जास्त असतात. पुन्हा सोबत येणारे वडील नुसतं आधार घेऊन येतात. विमानतळावर ते चालत नाही. सीमेवरच्या सोनौलीच्या नाक्यावर अनेकदा कुणी बघतही नाही. हे "बघत नाहीत" फार घातक. जाताना कुणी अडवत नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि येताना अडवलं की तोंडाला फेस येतो.

मी कराटे शिकवतो. काता आणि फाइट शिकवता येतात, त्याची पुस्तकं आहेत, शिबिरं आहेत. दुसऱ्यांची पोरं घेऊन दुसऱ्या देशात जायचं आणि तेवढीच परत आणायची, हे मात्र कुणी शिकवत नाही. आणि आमच्या धंद्यात आता हे काम खेळाइतकंच मोठं झालंय.

आमची नेहमीची वाट जमिनीवरची. कोल्हापूरहून मुंबई, तिथून कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर, म्हणजे दीड दिवस स्लीपरचा डबा, भडंगाच्या पिशव्या आणि वरच्या बर्थवरून उड्या. गोरखपूरहून जीपने सोनौली, शंभरेक किलोमीटर. तिथं एक कमान, सशस्त्र सीमा बलाचे जवान, सायकलरिक्षा, गॅसच्या टाक्या वाहणारी माणसं. पोरांचा हिरमोड होतो. त्यांच्या डोक्यात तारेचं कुंपण आणि मशिनगन असते. इथं तर समोरचा माणूस पिशवीत भाजी घेऊन चालत पलीकडे जातोय. "सर, हीच काय बॉर्डर?" हीच.

पण ह्याच साध्या दिसणाऱ्या रस्त्यावरून कित्येक वर्षं नेपाळच्या मुली फसवून भारतात आणल्या गेल्या. ते थांबवण्यासाठीच १९९३ साली अनुराधा कोइराला यांनी 'माइती नेपाळ' ही संस्था काढली. तिच्या आणि तिच्यासारख्या संस्थांच्या बायका नाक्यानाक्यावर बसून असतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे वाचत. आता तुम्हीच विचार करा. चाळिशी ओलांडलेला एक पुरुष, बरोबर डझनभर पोरं, त्यांत चार-पाच मुली, एकाचंही आडनाव त्याच्याशी जुळत नाही, आणि सगळे नेपाळकडून भारतात निघालेत. अशा माणसाला थांबवलं नाही तर त्या बायका तिथं बसून करतात काय?

मला थांबवलं गेलंय. त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुलीला बाजूला घेऊन हिंदीत विचारलं : हे कोण? तुझ्या वडिलांचं नाव काय? कुठल्या शाळेत आहेस? घरचा नंबर सांग. आमची पोरगी रिंगणात समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवणारी, पण इथं तिची बोबडी वळली. "बाबा" एवढंच म्हणाली. बरोबर आलेल्या एका आईने पुढं होऊन कागद दाखवले तेव्हा सुटका झाली. सोबतच्या पालकांना तो अपमान वाटला. मला नाही वाटला. माझ्या स्वतःच्या मुलीला कुणी असं घेऊन चाललं असतं, तर त्यालाही असंच उभं करावं, हीच माझी इच्छा असेल.

तेव्हापासून सरावाच्या शेवटच्या आठवड्यात एक तास ह्याच गोष्टीला देतो. वडिलांचं पूर्ण नाव, आईचा मोबाईल नंबर, शाळा, गाव, कुठं चाललोय, कशासाठी, बरोबर कोण आहे, हे सगळं हिंदीत आणि न अडखळता. मोबाईल आल्यापासून पोरांना घरचा नंबरच पाठ नसतो. तिथं 'मम्मी' नावाचं बटण असतं. आणि भारतातलं सिम पलीकडे गेलं की बहुधा मुकं होतं.

कागदांचं सांगतो, कारण खरा जीव त्यात जातो. शाळेच्या लेटरहेडवर बोनाफाइड, त्यावर फोटो आणि फोटोवर अर्धा शिक्का. आई-वडील दोघांच्या सह्यांचं संमतिपत्र, स्टॅम्प पेपरवर, नोटरी केलेलं. नेपाळच्या नाक्यावर हे संमतिपत्र कायद्याने मागतातच असं नाही, मी माझ्यासाठी करून घेतो. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळवून बघायचं. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी, तिसरीकडे गायबच. विमानाने दुबईला जाणाऱ्यांना तर हे महागात पडतं : पासपोर्टवर नुसतं एकाच शब्दाचं नाव असेल तर २०२२च्या नोव्हेंबरपासून संयुक्त अरब अमिरातीत पर्यटकाला अडवू शकतात. मूळ कागद माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये, झेरॉक्स सोबतच्या आईकडे. मुली असतील तर एखादी आई बरोबर हवीच, तिचं भाडं सगळ्यांत वाटून घेतो. ह्यावर घासाघीस करणारा पालक भेटला की मी त्याच्या मुलीला नेत नाही.

पलीकडे गेल्यावर घड्याळ पाव तास पुढं करायचं. हा पाव तास विसरला तर वजन द्यायची वेळ हुकते. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी होतात, त्यामुळे पोरं स्वतःला श्रीमंत समजून दुकानात शिरतात. दुकानदार "आयसी की एनसी", म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी, असं विचारतो आणि गणित कोलमडतं. २०१८च्या डिसेंबरात नेपाळने शंभरावरच्या भारतीय नोटा बंद केल्या होत्या, तेव्हापासून मी शंभराचीच बंडलं नेतो. नाक्यापलीकडच्या भैरहवाहून पोखऱ्याचा रस्ता पाल्प्याच्या डोंगरातून जातो, वळणावर वळण. निम्म्या पोरांना गाडी लागते. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि लिंबू ह्यांचा उल्लेख कुठल्याही स्पर्धेच्या पत्रकात नसतो.

आणि स्पर्धा? इथं जरा कडू बोलावं लागेल. वय, वजन आणि बेल्ट अशा इतक्या गटांत ह्या स्पर्धा चिरलेल्या असतात की एकेका गटात चार पोरं निघाली तरी पुष्कळ. कराटेत कांस्यपदकं दोन देतात. म्हणजे चौघांच्या ड्रॉमध्ये रिकाम्या हाताने परतायची सोयच नाही. मग स्टेशनवर हलगी, चौकात फ्लेक्स, 'आंतरराष्ट्रीय सुवर्णपदक'. पोराला आनंद होतो, तो खराच असतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या प्रमाणपत्रावर उद्या सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण मिळेल अशी आशा ज्यांना दाखवली जाते, त्यांची फसवणूक होते. कराटेत संघटनांचं पीक आहे. पडताळणीला गेल्यावर विचारतात ती मान्यताप्राप्त महासंघाची निवड.

आमच्या कोल्हापूरला खेळाडू परदेशी पाठवणं नवं नाही. १९४८ला खाशाबा जाधवांचा लंडनचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. १९५२ला हेलसिंकीसाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी सात हजारांसाठी स्वतःचं घर गहाण टाकलं. वीरधवल खाडे २००८ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला तेव्हा त्याला सतरावं पूर्ण व्हायचं होतं. ती पोरं निवडून गेली होती. आज आमच्याकडे रिक्षावाला बाप बायकोची बोरमाळ सोनाराकडे ठेवतो, ती फॉर्म भरला की जागा मिळणाऱ्या स्पर्धेसाठी. हे मला बोचतं.

तरी मी पोरं नेतो. ज्या पोराने पुण्यापलीकडे काही पाहिलं नाही, त्याने पोखऱ्याच्या फेवा तलावापाशी उभं राहून "रंकाळ्याहून मोठा आहे सर" असं नाइलाजाने कबूल करणं मला पदकाइतकंच मोलाचं वाटतं. फक्त ती सहल आहे हे मी सभेत आधी सांगतो. ते ऐकून काही पालक दुसऱ्या क्लासला जातात.

म्हणून पालकांनो, पैसे भरण्याआधी सरांना विचारा. स्पर्धा कुठल्या महासंघाची? निवड चाचणी कधी झाली? माझ्या पोराच्या गटात किती जण? बरोबर बाई कोण येणार? परतीच्या नाक्यावर दाखवायला कुठले कागद आहेत? उत्तरं तोंडी नकोत, लेखी घ्या. जो सर ती देणार नाही त्याच्याबरोबर पोराला पाठवू नका, मग तो मी का असेना.