पाटी वाचत जाताना

आजीला अक्षर येत नव्हतं. एसटीच्या खिडकीशी मला बसवून ती रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचून घ्यायची. एकदा कंटाळून मी पाटीवर नसलेलंच काहीतरी वाचलं. तिने मान डोलावली. तिचा माझ्यावर विश्वास होता.

अटलांटातल्या ऑबर्न अव्हेन्यूवर परवा चालताना मी जुन्या सवयीने पाट्या पुटपुटत होतो. ‘स्वीट ऑबर्न’ नावाने ओळखला जाणारा कृष्णवर्णीयांचा हा ऐतिहासिक रस्ता. जॉर्जियात गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं १८२९च्या कायद्याने गुन्हा होता. गुलामी गेल्यावर, शतक उलटलं तरी अक्षरं हुकूम सोडतच राहिली : हा नळ गोऱ्यांचा, तो दरवाजा काळ्यांचा. या रस्त्यावर मात्र लोकांनी स्वतःची नावं लिहिली.

सुरुवातीलाच अटलांटा लाइफ ही विमा कंपनी. ती १९०५ साली उभी करणारे अलोन्झो हर्नडन १८५८ साली जन्मले, तेव्हा कुणाची तरी मालमत्ता होते. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी पुण्याहून ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं, तेव्हा हर्नडन पंधरा वर्षांचे होते. अक्षर कुणाच्या हाती असतं त्यावर काय काय ठरतं, हे जोतीरावांना नेमकं ठाऊक होतं.

पुढे एका उंच भिंतीवर जॉन लुईस यांचं चित्र आणि ‘हीरो’ हा शब्द, महामार्गावरूनही दिसेल एवढा मोठा. शेजारच्या बिग बेथेल चर्चच्या मनोऱ्यावर निळ्या निऑनमध्ये ‘जीझस सेव्हज’. मग तोच महामार्ग डोक्यावर येतो. वरून गाड्यांचा अखंड घरघराट, खाली सावली. एकेकाळचा सलग रस्ता त्याने मधोमध कापला; पुलाखालच्या त्या पट्ट्यात वाचायला एकही दुकान नाही.

पलीकडे व्हीट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च. व्हीट स्ट्रीट शोधत मी कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. नंतर कळलं, मी उभा होतो तोच तो. १८९३ मध्ये रस्त्याचं नाव बदललं, चर्चने आपलं तेच ठेवलं. त्याच्यापुढे एबेनेझर चर्च, आणि ५०१ क्रमांकाचं घर, जिथे १९२९ साली मार्टिन लूथर किंग जन्मले.

परतताना पुन्हा पुलाखाली आलो आणि ती एसटी आठवली. ज्याला वाचता येत नाही त्याला काय लिहिलंय ते दुसरा सांगतो, आणि दुसऱ्याने सांगितलेलं खरं मानण्यावाचून त्याला इलाज नसतो. आठ वर्षांच्या पोराने केली ती गंमत होती. त्या कायद्याला तेवढंच हवं होतं, पिढ्यान् पिढ्या.

आजी जाऊन बरीच वर्षं झाली. ती चूक मी तिला कधी सांगितली नाही. परतीच्या वाटेवर मी प्रत्येक पाटी पुन्हा वाचली. या खेपेला मोठ्याने, आहे तशी.