दिलेला शब्द

गेल्या मे महिन्याच्या सुटीत मी इंदूरला आत्याकडे गेलो होतो. सुदामा नगरातल्या तिच्या घरासमोर एक म्हातारी आई आणि तिची सून राहतात. एके दिवशी त्यांच्या ओट्यावर पन्नाशीचा एक गृहस्थ दिसला. आत्या हळूच म्हणाली, "त्यांचा मुलगा. खुनाबद्दल जन्मठेप झालीय. पंधरा दिवसांच्या रजेवर आलाय." त्या रात्री मी दाराची कडी दोनदा तपासली.

त्याच्या जामिनावर काकांनीच सही केली होती! मी विचारले, "आणि तो परत गेलाच नाही तर?" काका म्हणाले, "तू कॉमर्सचा ना? पत अगोदर देतात, की हिशेब मिटल्यावर?"

घरी परतल्यावर मी थोडे वाचन केले. 'पॅरोल' या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी शब्द, वचन. महाराष्ट्रात सरकारी भाषेत तिला 'अभिवचन रजा' म्हणतात. आपल्या कन्नडातही वचन देणे म्हणजे 'मातु कोडुवुदु', शब्द देणे. तुरुंग हा राज्यांचा विषय, म्हणून नियम राज्यागणिक वेगळे. पण विश्वास सगळीकडे एकच. औंध संस्थानात 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. शांतारामबापूंचा 1957 चा 'दो आँखें बारह हाथ' तिच्यावरूनच सुचला. 1972 साली चंबळच्या डाकूंनी जयप्रकाशांपुढे शस्त्रे ठेवली, तेव्हा मध्य प्रदेशात मुंगावलीला त्यांच्यासाठी खुले कारागृह झाले.

यात धोका नाही असे नाही. 2020 मध्ये करोनामुळे सोडलेले काही कैदी परतलेच नाहीत. ज्यांच्या घरचा माणूस गेला, त्यांची भीतीही खोटी नसते. म्हणूनच पोलिसांची चौकशी आणि जामीनदार हवेत. पण बहुतेक कैदी कधी ना कधी सुटणारच. घर तुटलेला, काम विसरलेला माणूस एकाएकी बाहेर आला तर समाज अधिक सुरक्षित राहील काय? त्यापेक्षा हप्त्याहप्त्याने पारखून घेणे शहाणपणाचे, असे मला वाटते.

पंधराव्या दिवशी सकाळी तो गृहस्थ आईच्या पाया पडला, मग आमच्या फाटकाशी येऊन "येतो" म्हणाला. काका म्हणाले, "या." त्याने माझ्याकडेही पाहिले. मी दाराआडून पुढे झालो नाही. संध्याकाळी तो वेळेवर हजर झाल्याचे कळले. त्याने शब्द पाळला. मला मात्र साधे "या" म्हणणेही जमले नव्हते.