माझ्याकडे तर चालतंय!

आमच्या धंद्यातलं एक अजरामर वाक्य आहे: "माझ्याकडे तर चालतंय!"

टीममध्ये कोणी नवीन आलं की त्याच्या हातात इन्स्टॉलेशनची भलीमोठी यादी पडायची. जावाची अमुक आवृत्ती, पोस्टग्रेसची तमुक, मग हे सेटिंग, ते सेटिंग. तिसऱ्या पानावर गाडी हमखास अडायची, कारण यादी जुनी झालेली आणि खरी माहिती कुणा सिनियरच्या डोक्यात! दोन-तीन दिवस फुकट जायचे ते जायचेच, पण "आपल्यालाच काही येत नाही" असं त्या बिचाऱ्याला वाटायला लागायचं. ते जास्त वाईट.

कंटेनरमुळे हे बरंच बदललं. घरच्या मंडळींसाठी सांगायचं तर न्हावा शेवाला दिसतात ना, तसेच हे डबे. २६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल एक्स' हे जहाज असे ५८ डबे घेऊन अमेरिकेत न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. आत काय भरलंय याच्याशी क्रेनला देणंघेणं नाही, डब्याचं माप ठरलेलं असलं की झालं. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने सॉफ्टवेअरमध्ये हीच सोय घरोघरी पोचवली. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात. त्यात अख्खा संगणक नसतो बरं का. लिनक्सचा कर्नल सामायिक, बाकी संसार वेगळा. म्हणून डबा काही सेकंदांत सुरू होतो, आणि पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्या एकाच लॅपटॉपवर न भांडता नांदतात.

पण मला खरं मोल वाटतं ते डॉकरफाइलचं. ही त्या डब्याची पाककृती. माणसासाठी लिहिलेल्या पाककृतीत "मीठ चवीनुसार" चालतं, इथे नाही. डोक्यातला अंदाज कागदावर उतरवावाच लागतो. अर्थात पळवाटा आहेतच. आवृत्तीच्या जागी नुसतं 'लेटेस्ट' लिहिलं की "चवीनुसार" मागच्या दाराने परत आलंच. आणि डेटाबेसचा डेटा व्हॉल्यूममध्ये बाहेर ठेवला नाही, तर डबा काढून टाकताना तोही जातो.

डबा आला म्हणून आतलं समजून घेणं सुटत नाही. असो. पण नवीन आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न आता "हे चालत का नाही?" असा नसतो. "हे असं का केलंय?" असा असतो. आणि तो विचारताना त्याला संकोच वाटत नाही, हे मला फार मोठं वाटतं.