अवतरणचिन्ह

अंगानं एवढंसं, दोन स्वल्पविरामांइतकं. कधी एकटं येत नाही. एक दार उघडतं, जोडीदार ते लावून घेतो. स्वतः अक्षरही बोलत नाही. शिंदेशाही दरबारातल्या चोपदारासारखं उभं राहून ते हमी देतं, की आता बोलेल तो खुद्द आतला माणूसच.

उज्जैनच्या मराठी घरातल्या मुलाची त्याच्याशी खरी गाठ पडते ती इंग्रजी व्याकरणाच्या तासाला. घरी मराठी, बाहेर माळवी आणि हिंदी. तिन्हींत ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ हे जसंच्या तसं चालतं. इंग्रजीत मात्र बोलणं दुसऱ्याच्या तोंडी गेलं की काळ एक पायरी मागे सरकतो. फळ्यावर येतं: ही सेड दॅट ही वॉज लीव्हिंग उज्जैन द नेक्स्ट डे. मग ‘दॅट’ जातो, स्वल्पविराम येतो आणि चिन्ह आपली जागा घेतं: ही सेड, “आय अॅम लीव्हिंग उज्जैन टुमॉरो.” परका ‘तो’ पुन्हा ‘मी’ होतो. ‘आस्क्ड इफ’ असेल, तर ‘इफ’ जाऊन प्रश्नचिन्ह परततं.

चिन्हाचा स्वभाव मात्र कडक, त्याला मूळ शब्दच हवेत. समोर ‘हॅड गॉन’ आलं, तर मूळ माणूस ‘वेंट’ म्हणाला होता की ‘हॅव गॉन’? नियम इथे थांबतो. संदर्भ वाचावा लागतो.

मराठीत ते उशिरा आलं. मोडीतल्या बखरींत बोलणं ‘म्हणोन’पाशी संपे, विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडींना दिलं जातं. त्याचं काम मात्र फार जुनं. ‘मेघदूता’तला यक्ष मेघाला वाट वाकडी करून उज्जयिनी पाहायला सांगतो. पुढे अलकेत यक्षाच्या पत्नीकडे पोचल्यावर मेघानं आधी यक्षाची हकीकत ‘तो’ म्हणून सांगायची, मग तो माझ्या मुखानं बोलतो आहे असं म्हणायचं, आणि तिथून निरोप थेट ‘मी’च्या भाषेत. चिन्ह नव्हतं, पण विरहिणीला नवऱ्याचेच शब्द मिळावेत ही काळजी तीच होती.

शिक्षकांनो, हा धडा गुणांपुरता ठेवू नका. बातमीत, साक्षीत किंवा मोबाइलवरच्या निरोपात कुणाचं बोलणं या चिन्हांत घालण्याआधी ते त्याचंच आहे ना, हे तपासायला मुलांना शिकवा. खात्री नसेल, तर ‘तो म्हणाला की’ एवढंच लिहिणं प्रामाणिक आहे.