हिरोची आई

काल शनिवार. लेक दुपारची झोपलेली, नवरा गाडी सर्व्हिसिंगला घेऊन गेलेला, आणि मी लॅपटॉप उघडून एका ऑफर लेटरकडे बघत बसलेली. तिसऱ्यांदा. सोमवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय.

गोष्ट थोडक्यात अशी. अडीच वर्षांपूर्वी लेक झाली तेव्हा नोकरी सोडली. टीम लीड होते, हाताखाली सात जण. आता परत कामाला लागायचं ठरवलं, तर ऑफर आली ती एक पायरी खालची. आणि मॅनेजर कोण? तर जो ट्रेनी म्हणून आला तेव्हा मीच त्याला शेजारी बसवून व्हर्जन कंट्रोल शिकवलं होतं, तोच! मुलगा चांगला आहे हो. इंटरव्ह्यूमध्येसुद्धा मला 'मॅम' म्हणाला. (तेच जास्त लागलं.)

बाहेर सासूबाईंचा टीव्ही चालू होता. 'अनाडी' लागला होता. म्हटलं, ऑफर लेटर कुठे पळून जात नाही, आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

'अनाडी' (१९५९) म्हटलं की मला राज कपूरच्या आधी मिसेस डिसा आठवतात. तोंडाने फटकळ, मनाने मऊ. ललिता पवार. ह्या येवल्याच्या बाई मूकपटांपासून काम करत होत्या, चांगल्या नायिका होत्या. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या शूटिंगला मास्टर भगवान यांनी मारलेली थप्पड खरोखरच जोरात बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला, उपचार लांबले, आणि डावा डोळा बारीक झाला तो कायमचाच. वय २६. नायिकेचं काम संपलं. मग त्याच बारीक डोळ्याने त्यांनी पुढे कित्येक वर्षं अख्ख्या देशाला खाष्ट सासू दाखवली, १९८७ मध्ये 'रामायण' मालिकेतली मंथराही. मिसेस डिसासाठी फिल्मफेअर मिळालं, सहाय्यक अभिनेत्रीचं. आणि ज्या राज कपूरवर त्या ह्यात आईसारखी माया करतात, तो त्यांच्याहून फक्त आठ वर्षांनी लहान!

आता इंजिनिअरची खोड जाते थोडीच? लॅपटॉप बाहेर आणला आणि एक्सेल शीट उघडली. कॉलम्स : पहिला सिनेमा, नायिका म्हणून वर्षं, गॅप, पहिल्यांदा आई कधी. (सिनेमात.) सासूबाईंची स्मरणशक्ती गूगलपेक्षा फास्ट आहे, त्यामुळे शीट भराभर भरली.

'कभी कभी' (१९७६) घ्या. त्यात राखी अमिताभची प्रेयसी आणि वहिदा रेहमान त्याची बायको. दोनच वर्षांनी 'त्रिशूल'मध्ये वहिदा त्याची आई! १९८२ मध्ये 'शक्ती'त राखी त्याची आई! राखी तर त्याच्याहून पाच वर्षांनी लहान. 'दीवार'मधल्या निरुपा रॉय फक्त अकराच वर्षांनी मोठ्या. अमिताभच्या कॉलममध्ये मात्र ह्या सगळ्या काळात एकच शब्द : हिरो. सेल खाली ड्रॅग केला की झालं.

मग म्हटलं, सगळ्यांचंच असं झालं का? नाही. नूतनचा मुलगा १९६१ चा आणि 'बंदिनी' १९६३ चा. म्हणजे लग्न, मूल आणि त्यानंतर तिचं सगळ्यात गाजलेलं काम. १९७८ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, 'मैं तुलसी तेरे आंगन की'साठी परत फिल्मफेअर, तेही मुख्य अभिनेत्रीचं.

आणि दुर्गा खोटे. १९३२ मध्ये प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त तारामती. सगळे नट एकेका कंपनीत पगारी असण्याच्या काळात बाई वेगवेगळ्या कंपन्यांत काम करत राहिल्या (फ्रीलान्सिंग हो!). १९३७ मध्ये 'साथी' स्वतः काढला आणि दिग्दर्शितही केला. १९६० च्या 'मुगल-ए-आझम'मध्ये त्या सलीमची आई, पण तोवर नुसत्या नटी उरल्या नव्हत्याच. पुढे स्वतःची निर्मितीसंस्था काढली. १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेली 'वागले की दुनिया' त्यांच्याच संस्थेची.

शीटकडे बघून मला जरा बरं वाटायला लागलं, आणि तिथेच डोक्यात बल्ब पेटला. अगं बाई, हा तर सर्व्हायव्हरशिप बायस! ज्या टिकल्या त्यांचीच नावं सासूबाईंना आठवणार. ज्यांना परत कुणी बोलावलंच नाही, त्यांची ओळच नाही माझ्या शीटमध्ये. तेव्हा 'धीर धरा, सगळं छान होतं' असला निष्कर्ष ह्यातून काढता येत नाही. ललिताबाईंना तो डोळा हवा होता असं थोडंच आहे? त्यांनी तो वापरला, इतकंच.

हे सगळं मी सासूबाईंना ऐकवलं. मग ऑफरचंही सांगून टाकलं. इतके दिवस नवरा सोडून कुणाला बोलले नव्हते.

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. म्हणाल्या, "मी बँकेत दोनदा प्रमोशन नाकारलं, माहितीये ना तुला? प्रमोशन म्हणजे बदली, आणि हा तेव्हा लहान होता. मग ज्याला मी लेजर टॅली करायला शिकवलं, तोच माझा साहेब होऊन आला. त्याला 'सर' म्हणताना जीभ अडखळायची गं."

"मग नंतर नाही ना वाईट वाटलं?"

"वाटलं की. अजून वाटतं."

मी गप्प. मला वाटलं होतं त्या म्हणतील, 'सवय होते.'

थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण काम काय आहे ते विचारलंस का तू त्यांना? का नुसतं पदाचं नाव वाचत बसलीयेस?"

खरं सांगते, विचारलं नव्हतं. तासाभराच्या इंटरव्ह्यूमध्ये मी गॅपचं स्पष्टीकरण देत बसले होते. कुठलं मॉड्यूल, डिझाइनचे निर्णय कोण घेणार, पुढच्या अप्रेझलला लीडसाठी माझा विचार होणार की नाही, एक प्रश्न विचारला असेन तर शपथ!

तर आज सकाळी मेल लिहिली. तीन प्रश्न, मुद्देसूद. सुरुवातीला 'सॉरी टू बॉदर' लिहिलं होतं, ते काढून टाकलं. उत्तर उद्या येईल, त्यावर ठरवीन. आई व्हायला माझी ना नाही, पण रोल मिसेस डिसाचा असला पाहिजे.

असो. लेक उठली. पळते.